क्रांतीत वाढलेली मुलं नुसती बघत नसतात

राजकीय क्रांतीच्या काळात लहानाची मोठी झालेली माणसं पुढे स्वतःचं बालपण चित्रांत मांडतात, ती पुस्तकं मला फार जवळची आहेत. अशा पुस्तकात मी सगळ्यात आधी काय शोधते सांगू का, तर या पोराने त्या दिवसांत स्वतः काय काय केलं. त्याच्यावर काय गुदरलं ते तर येणारच. पण मोर्चे, गोळीबार, रात्रीत गायब झालेले काका आणि या सगळ्याकडे कोपऱ्यातून टकामका बघणारं निरागस मूल, एवढंच असेल तर माझं मन भरत नाही. मुलं नुसती बघत नसतात ना, ती खेळतात, नक्कल करतात, मोठ्यांच्या घोषणा मोठ्यांपेक्षा जोरात देतात.

मार्जान सत्रापीचं 'पर्सेपोलिस' घ्या, १९७९ मध्ये इराणच्या शाहची म्हणजे राजाची सत्ता उलथली त्या काळातलं तिचं बालपण. २००० ते २००३ मध्ये फ्रेंचमध्ये चार भागांत आलं आणि आता जगभर वाचलं जातं. त्याची सुरुवात बऱ्याच जणांच्या लक्षात राहते, १९८० साल, इराणच्या शाळेत हिजाब सक्तीचा झालाय आणि मुली त्याचाच दोरीसारखा वापर करून उड्या मारतायत. गोड आहे, मान्य. पण माझ्या डोक्यातून जात नाही ती खिळ्यांची गोष्ट. रामीन नावाच्या मुलाचे वडील सावाकमध्ये म्हणजे शाहच्या गुप्त पोलिसांत होते, त्यांनी म्हणे लाखोंनी माणसं मारली, बस, एवढं कानावर पडल्यावर मार्जी, म्हणजे छोटी मार्जान, आणि तिची गँग बोटांच्या बेचक्यात खिळे धरून त्या पोराला धडा शिकवायला निघते. आई मध्ये पडते म्हणून तो वाचतो, नाहीतर काय झालं असतं कोण जाणे, आणि आई लेक्चर देत बसत नाही, सरळ विचारते की तुझेच कान भिंतीला खिळ्यांनी ठोकले तर कसं वाटेल. मग मार्जी क्षमा करायचं ठरवते आणि मोठ्या मनाने रामीनकडे जाते, तर तो म्हणतो माझे बाबा खुनी नाहीत, त्यांनी कम्युनिस्टांना मारलं आणि कम्युनिस्ट वाईट असतात. दोघंही आपापल्या घरात ऐकलेलं बोलतायत, वयं बघा त्यांची! अख्ख्या देशातलं भांडण दोन पोरांच्या तोंडून दोन-चार चौकटींत येतं. इतिहासाच्या जाड पुस्तकातही मला ते इतकं स्वच्छ दिसलेलं नाही.

आणखी एक जागा आहे. शाहच्या तुरुंगातून सुटलेले दोन ओळखीचे लोक घरी येतात आणि छळाच्या गोष्टी मुलीसमोरच सांगत बसतात, इस्त्रीने पाठ भाजल्याची वगैरे. मार्जी आपल्या घरातल्या इस्त्रीकडे बघत राहते, या वस्तूचा असाही उपयोग करतात? अहमदी नावाच्या एकाचे तुकडे करून मारलं हे ती ऐकते, तर त्या चौकटीत आपल्याला काय दिसतं, माणूस सांध्यासांध्यावर वेगळा करून ठेवलाय, आतून पोकळ, रक्त नाही काही नाही, एखाद्या बाहुल्यासारखा. कारण दहा वर्षांच्या मुलीला माणसाच्या शरीराच्या आत काय असतं हे माहीत कुठे असणार, तिने कल्पनेत जे बघितलं तेच कागदावर उतरलंय. पुढे काय, तर बाहेर जाऊन ती मित्रमैत्रिणींना नवीन खेळ शिकवते, हरेल त्याचा छळ करायचा. आणि घरी आल्यावर तिला अंगात काहीतरी सैतानी ताकद आल्यासारखं वाटतं, मग ती कोसळते. हे स्वतःबद्दल लिहायला, परत वर चित्रही काढायला, केवढी हिंमत लागली असेल!

(शिकागोच्या सरकारी शाळांमधून २०१३ मध्ये हे पुस्तक काढायला सांगितलं तेव्हा छळाच्या चित्रांचंच कारण पुढे आलं होतं. विद्यार्थी विरोधात उभे राहिले ते मला फार आवडलं.)

हे सगळं नुसत्या गद्यात इतकं जमणार नाही असं माझं ठाम मत आहे. गद्यात तुम्हाला एक आवाज धरावा लागतो, एकतर मुलाचा नाहीतर सगळं कळून चुकलेल्या मोठ्या माणसाचा. इथे चौकटीच्या वरच्या पट्टीत मोठी मार्जान बोलते आणि खाली फुग्यात छोटी, दोघी एकाच वेळी, आणि कोणी कोणाला गप्प करत नाही. शाळेतला तो प्रसंग आठवा, पुस्तकातले शाहचे फोटो फाडा असं बाई सांगतात, मार्जी म्हणते पण तुम्हीच तर म्हणाला होता की शाहला देवाने निवडलंय, आणि तिला कोपऱ्यात उभं करतात. वर टिप्पणी करायची गरजच नाही.

क्युबाच्या एदेल रॉड्रिगेझचं 'वर्म' (इंग्रजी worm, म्हणजे किडा) २०२३ मध्ये आलं. तो १९७१ चा, १९८० च्या मारिएल बोटलिफ्टमध्ये, म्हणजे मारिएल बंदरातून बोटींनी लोक देश सोडून गेले तेव्हा, आईवडिलांबरोबर अमेरिकेला गेलेला. त्या काही महिन्यांत जवळपास सव्वा लाख क्युबन असे गेले आणि देश सोडणाऱ्यांना कास्त्रोचं सरकार किडे म्हणायचं. क्युबातल्या शाळांत मुलांकडून 'आम्ही चेसारखे (क्रांतिकारक चे गव्हेरासारखे) होऊ' असं म्हणून घ्यायचे, म्हणजे सकाळी ही घोषणा द्यायची आणि घरी येऊन आईबाबा निघून जायच्या गोष्टी कुजबुजत करतायत त्या ऐकायच्या, लहान मुलाने हे दोन्ही कसं सांभाळायचं?

पण या सगळ्यांत मला सगळ्यात जास्त अस्वस्थ केलं ते ली कुनवूने. जन्म १९५५, चीनचा युन्नान प्रांत, वडील कम्युनिस्ट पक्षाचे कार्यकर्ते, बाळ बोलायला लागायच्या आतच ते त्याला 'चेअरमन माओ चिरायू होवोत' शिकवायला बघतायत. 'अ चायनीज लाइफ' ब्रश आणि शाईने काढलेलं आहे, रेषा धावतात नुसत्या, गर्दी काढावी तर त्यानेच. १९६६ मध्ये सांस्कृतिक क्रांती, म्हणजे जुनं सगळं मोडून काढायची माओची मोहीम, सुरू झाली तेव्हा हा अकरा वर्षांचा, आणि हा काही दारामागे लपलेला नाही, हा त्यात आहे, उत्साहाने आहे, शिक्षकांच्या विरोधात उभ्या राहिलेल्या पोरांमध्ये आहे. आणि मग त्याच लाटेत त्याचे वडील नेले जातात, कित्येक वर्षं घराबाहेर. तरीही तो मोठा होऊन सैन्यात जातो, पक्षात घ्या म्हणून धडपडतो.

शेवटच्या, तिसऱ्या भागात १९८९ च्या तियानानमेनची, म्हणजे बीजिंगच्या त्या चौकातलं विद्यार्थ्यांचं आंदोलन सैन्याने चिरडलं त्याची, वेळ येते तेव्हा सहलेखक फिलिप ओतिए म्हणतो यावर लिहायलाच हवं आणि लीला ते नको असतं, ही ओढाताण त्यांनी पुस्तकातच दाखवलीय. ली म्हणतो मी तिथे नव्हतो, चीनने खूप सोसलंय, आता देशाला शिस्त आणि स्थैर्य हवं. मला हे पटत नाही, अजिबात पटत नाही, त्या चौकातल्या मुलांना एवढ्यात कसं उरकता येईल? पण ही पानं पुस्तकात ठेवली याबद्दल मी त्याची ऋणी आहे, कारण दोन भाग वाचून मी ज्या मुलावर जीव लावला तोच मोठा होऊन असं बोलतोय आणि तो असं का बोलतो हे मला कळतं, भूक बघितलेली, वडील नेलेले बघितलेले, गोंधळाची भीती हाडात बसलेली. काही लोक म्हणतात हा भाग रटाळ आहे, पहिल्या दोनवर थांबलात तरी चालेल. नाही चालणार. तिसरा वाचाच, आणि त्याच्याशी भांडत भांडत वाचा.