ट्रोम्सो ते किल्पिसयार्वी: एका संध्याकाळी दोन हिवाळे

उत्तर नॉर्वेतलं ट्रोम्सो आर्क्टिक वृत्ताच्या जवळपास साडेतीनशे किलोमीटर वर आहे. तिथे जायचं म्हणून पुण्यात सगळ्यांनी आम्हाला थंडीची भीती घातली होती. फेब्रुवारीत उतरलो तर पाऊस! अटलांटिकमधून येणाऱ्या उबदार प्रवाहामुळे इथलं बंदर गोठत नाही आणि जानेवारीची सरासरीही वजा ३-४ अंशांच्या आसपासच राहते. खरा त्रास थंडीचा नाही, निसरड्याचा. पडलेल्या बर्फावर पाऊस, रात्री त्याचीच काच. बुटांना लावायचे खिळ्यांचे पट्टे इथे दुकानांत मिळतात. ते पहिल्याच दिवशी घ्या, बाकी खरेदी नंतर.

ढगांमुळे ध्रुवीय प्रकाश दिसेना, म्हणून गाडीवाल्याने ई-८ रस्त्याने आत नेलं. समुद्रावरून येणारे ढग लिंगेनच्या डोंगरांवर बरेचसे रिकामे होतात, त्यामुळे पलीकडच्या शिबोत्नला आकाश पुष्कळदा मोकळं असतं. पुढे घाट चढून फिनलंडमधलं किल्पिसयार्वी. निघताना शून्याच्या आसपास असलेला गाडीतला आकडा तिथे वजा २२ झाला होता! नाकातले केससुद्धा कडक झाले. पण हवा कोरडी, वारा नाही. खरं सांगायचं तर ट्रोम्सोच्या ओल्या वाऱ्यापेक्षा हे सुसह्य वाटलं. इथला तलाव जूनपर्यंत गोठलेला असतो.

आतल्या भागाचा लहरीपणा नॉर्वेच्याच पूर्वेकडच्या फिनमार्क प्रांतात आणखी दिसतो. कारासयोकला १ जानेवारी १८८६ रोजी वजा ५१.४ अंश नोंदले गेले, तो नॉर्वेचा नीचांक. त्याच फिनमार्कमध्ये, बानाकला, ५ जुलै २०२१ रोजी पारा ३४.३ वर गेला. म्हणजे जुलैत जाणाऱ्यांनी टी-शर्टही घ्यावा आणि लोकरीची टोपीही. शिवाय डासांचं मलम, ते विसरू नका.

महागडं जाकीट मुंबई-पुण्यात घेण्यात अर्थ नाही. बऱ्याच सहलवाल्यांकडे जाड सूट मिळतो, आधी विचारून घ्या. पैसे आतल्या लोकरीच्या कपड्यांवर घाला. सुती बनियन घामाने ओलं झालं की अंग गारठतं. फोन आतल्या खिशात ठेवा, थंडीत बॅटरी बघता बघता उतरते. कॅमेरा उबेत आणण्याआधी पिशवीत घट्ट बंद करा, नाहीतर भिंगावर पाणी धरतं. नोव्हेंबरअखेरपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत ट्रोम्सोत सूर्य उगवतच नाही. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी फेब्रुवारी-मार्च निवडावा. सीमेवर सहसा कोणी अडवत नाही, तरी पासपोर्ट जवळ ठेवा. आणि फिनलंडचं घड्याळ एक तास पुढे असतं, परतीची बस त्या हिशोबाने बघा.