कानेशचा कापडबाजार

टर्कीच्या टूरमध्ये अंकारा म्हणजे उरकून टाकायचा मुक्काम. सगळ्यांचा जीव कॅपाडोकियाच्या बलूनमध्ये अडकलेला. त्या दिवशीही आमचा ग्रुप अनातोलियन संस्कृती संग्रहालयातल्या मडक्यांसमोरून भराभर सरकत होता.

मातीच्या वड्यांपाशी मी सगळ्यांना थांबवलं. तळहातावर मावतील एवढ्या, कडांवरसुद्धा पाचरीसारख्या खुणा. काहींना मातीचंच पाकीट, त्यावर मुद्रा फिरवलेली. वाचायचं तर पाकीट फोडायचं. भाषा अक्कादियन, अरबी-हिब्रूच्या गोतातली, लिपी सुमेरियन लोकांकडून घेतलेली. अशा 20 हजारांवर वड्या कायसेरीजवळच्या कुलतेपेला, म्हणजे जुन्या कानेशला निघाल्या. सुमारे 3900 वर्षांपूर्वी आजच्या इराकमधल्या अश्शूरचे व्यापारी हजारेक किलोमीटर चालून इथे यायचे, गाढवांवर कथील आणि कापड लादून.

“कापड कसलं?” इचलकरंजीचे काका. हयात यंत्रमागात गेलेली, टूरभर गप्प.

लोकरीचं, म्हटलं, बायका घरी विणून पाठवायच्या. अशाच एका वडीवरचं, वाचनातलं एक पत्र आठवलं. पुझुर-अश्शूर हा व्यापारी वक्कर्तुम नावाच्या बाईला कळवतो: कापड एका बाजूने विंचर, कातरू नकोस, वीण घट्ट ठेव, मागच्यापेक्षा दर नगाला अर्धा किलो लोकर जास्त घाल, पण जाड होऊ देऊ नकोस. माप नऊ हात बाय आठ हात.

“वजन वाढवा पण जाड नको! अहो मॅडम, हे गिऱ्हाईक मी ओळखतो,” काका खुलले. “जमतं ते. सूत बारीक काढायचं, पीक, म्हणजे इंचातले आडवे धागे, वाढवायचे. पण आठ हात पन्ना हातमागावर? दोघी बसत असणार.”

काकूंना मी लमास्सीचं पत्र सांगितलं. ती अश्शूरहून कानेशला गेलेल्या नवऱ्याला, व्यापारी पूशु-केनला लिहिते: तुम्ही गेल्यापासून शलीम-अहुमने दोनदा घर बांधलं, आपलं कधी?

काकांचा हिशेब सुरूच. कानेशचा राजवाडा येणाऱ्या कापडातून पाच टक्के कर काढून घ्यायचा, हे कळल्यावर ते मोठ्याने हसले. “आमच्या कापडाला जीएसटी तेवढाच की! मग चोरून आणत असतील.”

आणायचे, आडवाटेने. अशाच चोरट्या मालापायी पूशु-केनला राजवाड्याने कोठडीत टाकलं होतं.

“म्हणजे त्या लमास्सीचाच नवरा?” काकूंनी काकांकडे बघितलं. “आणि ती बिचारी तिकडे घराची वाट बघतेय!”