मशीन सगळ्यात शेवटी: घरच्या मिलिंगची माझी तयारी

धातूचं मिलिंग, म्हणजे फिरत्या कटरने धातू कापून आकार देणं, करायचं ठरलं की कुठलं मशीन घ्यावं, यापासूनच विचार सुरू होतो. मी आधी कामांची यादी केली. प्रत्येक कामापुढे जॉबचं (कापायच्या तुकड्याचं) मोठ्यात मोठं माप, धातू आणि मापात किती फरक चालेल, हे लिहिलं. बहुतेक कामं 100 × 60 × 40 मिमीच्या आतली निघाली, ॲल्युमिनियम किंवा माइल्ड स्टीलची, 0.05 मिमी फरक चालणारी. त्यातली बरीचशी हॅकसॉ, कानस, ड्रिल आणि टॅपवरच (आटे पाडायच्या हत्यारावर) होण्यासारखी होती. उरलेल्यांसाठी तासावर मशीन वापरू देणारं वर्कशॉप पुरेसं होतं. म्हणून क्रम ठरला: आधी वर्कशॉप, मग हत्यारं, मशीन शेवटी.

वर्कशॉप निवडताना मशीन केवढं आहे हे मी फारसं पाहिलं नाही. व्हाइसमध्ये (जॉब घट्ट धरणाऱ्या शिकंज्यात) लावलेला जॉब दुसऱ्या दिवसापर्यंत तसाच ठेवता येतो का, हे पहिल्यांदा विचारलं. तो काढावा लागत असेल तर पुढच्या वेळी सगळं सेटिंग पुन्हा करावं लागतं, आणि सेटिंगलाच कापण्यापेक्षा जास्त वेळ जातो. दुसरा प्रश्न, हेड (कटर फिरवणारा मशीनचा वरचा भाग) सरळ आहे की नाही हे कोण तपासतं. याचं उत्तर कोणाकडेच नसेल तर स्वतः तपासायचं. स्पिंडलला (कटर धरून फिरणाऱ्या दांड्याला) डायल इंडिकेटर (सुईने बारीक फरक दाखवणारं मापयंत्र) लावून तो टेबलावर साधारण 150 मिमी व्यासाच्या वर्तुळात हाताने फिरवायचा. फरक 0.02 ते 0.03 मिमीच्या आत हवा. त्याहून जास्त असेल तर शेजारशेजारच्या कापांमध्ये नखाला लागेल अशी पायरी राहते. बॅकलॅशही (टेबल सरकवणाऱ्या स्क्रूची ढिलाई) त्याच डायलने कळतो. टेबल एका दिशेला सरकवून सुई स्थिर झाली की हँडल उलटं फिरवायचं आणि सुई हलेपर्यंत हँडलवर किती मिमी गेले ते वाचायचं. 0.2 मिमी निघाले तरी काम होतं, फक्त प्रत्येक मापावर एकाच दिशेने यायचं. अशा मशीनवर क्लाइंब मिलिंग (कटरचे दाते फिरतात त्याच दिशेने जॉब सरकवणं) मात्र करू नये. कटर टेबलला स्वतःकडे ओढतो, बॅकलॅशएवढी झेप बसते आणि दाते तुटतात.

कटर शक्यतो स्वतःचेच न्यावेत. अनेकांनी वापरलेल्या एंड मिलचे (टोकाने आणि बाजूने कापणाऱ्या कटरचे) कोपरे झिजलेले असतात. तो नुसत्या नजरेला धारदार वाटला तरी स्टीलमध्ये कापण्याऐवजी घासत राहतो. माझ्या पेटीत 6 आणि 10 मिमीचे हायस्पीड स्टीलचे एंड मिल आहेत, ॲल्युमिनियमसाठी दोन दात्यांचे आणि स्टीलसाठी चार दात्यांचे. सुरुवातीला कार्बाइड (जास्त कठीण पण ठिसूळ कटर) टाळलं. हलक्या मशीनवर चॅटर (कापताना होणारी थरथर) झाला की त्याची धार चटकन तुटते. यांच्याशिवाय 0.01 मिमीचा डायल इंडिकेटर, 10 मिमीचा एज फाइंडर (जॉबची कड नेमकी शोधणारा), पॅरललची जोडी (जॉबखाली ठेवायच्या समान उंचीच्या पट्ट्या), गुण्या, व्हर्निअर, नायलॉनचा हातोडा आणि बुरा झाडायला ब्रश. बुऱ्याला हात लावायचा नाही, हातमोजे घालून फिरत्या स्पिंडलजवळ जायचं नाही. डोळ्यांवर सुरक्षा चष्मा हवाच.

एंड मिल ड्रिल चकमध्ये धरण्याचा मोह होतो, कारण चक समोरच असतो. चकचे तीन जबडे कटरला तीन रेषांवरच धरतात आणि त्याचा टेपर (चक बसतो तो निमुळता जोड) बाजूच्या दाबासाठी बनवलेलाच नसतो. कापताना कटर हळूहळू खाली उतरतो, खाच खोल होत जाते, आणि कधीकधी अख्खा चकच सुटतो. एंड मिल कोलेटमध्येच (दांडा चहूबाजूंनी आवळणाऱ्या चिरा असलेल्या नळीत) धरायचा. ईआर 32 कोलेटचा संच 20 मिमीपर्यंतची सगळी शँक (कटरचे दांडे) धरतो. कोलेट आधी नटमध्ये टक असा आवाज येईपर्यंत बसवून मगच नट होल्डरवर चढवायचा. उलट केलं तर कोलेट तिरका बसतो आणि कटर हेलकावतो.

वेगासाठी एकच हिशोब पुरतो. माइल्ड स्टीलला हायस्पीड स्टीलच्या कटरच्या धारेचा वेग मिनिटाला 25 मीटर धरला, तर 10 मिमी व्यासाला सुमारे 800 आरपीएम येतात. चार दाते, दर दात्याला 0.04 मिमी, म्हणजे मिनिटाला साधारण 130 मिमी फीड (टेबल सरकवायचा वेग). ॲल्युमिनियमला वेग तिप्पट. ते कापताना केरोसीनचे थेंब सोडत राहावे लागतात, नाहीतर धातू धारेवर चिकटतो आणि पृष्ठभाग फाटल्यासारखा येतो.

सगळ्यात जास्त वेळ ठोकळा काटकोनात आणायला लागतो, आणि तो लागू द्यावा. घरीच हॅकसॉने प्रत्येक बाजूला 1.5 ते 2 मिमी जास्त ठेवून ठोकळा कापून नेतो, म्हणजे मशीनचे तास फुकट जात नाहीत. व्हाइसचा स्थिर जबडा डायलने टेबलाला समांतर लावून घेतला की सगळ्यात मोठी बाजू वर ठेवून पहिली बाजू साफ करायची. मग ती साफ बाजू स्थिर जबड्याला टेकवून, सरकत्या जबड्याच्या आणि जॉबच्या मध्ये 10 मिमीची गोल सळई धरायची. ही सळई गाळली तर समोरची खडबडीत बाजू जॉबला वाकडं ढकलते आणि काटकोन जातो. अशी दुसरी बाजू होते. तिसरीसाठी पहिली बाजू जबड्यालाच ठेवून दुसरी खाली पॅरललवर घ्यायची, सळई तशीच. चौथीला पहिली बाजू खाली, सळई काढून. दर वेळी व्हाइस आवळताना सरकता जबडा जॉबला थोडा उचलतो, म्हणून हातोड्याने ठोकून दोन्ही पॅरलल बोटाने हलत नाहीत याची खात्री करायची. पॅरलल हलला तर सगळं पुन्हा. उरलेल्या दोन टोकांसाठी जॉब गुण्या लावून उभा धरायचा.

अशी काही कामं उरकल्यावर घरच्या मशीनची निवड सोपी झाली, कारण काय अडतं ते माहीत झालं होतं. टेबलाच्या सरकण्यापेक्षा उंची आधी कमी पडते. व्हाइसचा तळ 60 मिमी, जॉब 40, ड्रिल चक त्याच्या शँकसकट 100 आणि बाहेर आलेलं 10 मिमीचं ड्रिल 90, म्हणजे 290 मिमी झाले. स्पिंडल ते टेबल अंतर त्याहून कमी असलेलं मशीन यादीतून गेलं. गोल खांबाची मशीनंही गेली. त्यांचं हेड वरखाली करताना खांबाभोवती फिरतं, एज फाइंडरने शोधलेला शून्य बिंदू हरवतो. डोव्हटेल खांबावर (तिरप्या कडांच्या सरळ घसरपट्टीच्या) तो टिकतो. साधारण 60 किलोच्या लहान मशीनवर 10 मिमीच्या कटरने स्टीलमध्ये पूर्ण रुंदीची खाच घेताना एका फेरीत 0.5 मिमीच खोली घ्यावी. ते मला चालण्यासारखं होतं. 40 मिमी रुंद स्टीलची कामं अजूनही वर्कशॉपच्या जड मशीनवरच होतात.