उणे साडेतीन

पिंपळगावच्या द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये मी सात वर्षं काढली. तिथे कॉइलवर बर्फ धरला की शिव्या. आता लिथुआनियात, कौनासला, बर्फ धरला नाही की शिव्या. कॉम्प्रेसर तोच, धंदा उलटा.

जानेवारी २०२४. नेमुनस नदीतल्या बेटावरच्या झालगिरिओ अरेनात युरोपियन फिगर स्केटिंग स्पर्धा होती आणि एका ठेकेदाराने बर्फाच्या कामाला जास्तीचा माणूस म्हणून मला घेतलं होतं.

लोकांना वाटतं, बर्फ जितका गार तितका चांगला. हॉकीला तसा कडक चालतो. फिगर स्केटिंगला मात्र वरचा थर उणे साडेतीन-चारच्या आसपास हवा. बुटाखालच्या पात्याची धार जरा रुतली पाहिजे, नाहीतर वळणावर माणूस गेलाच. हा आकडा धरून ठेवायचा तर खरा वैरी प्रेक्षक. बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता टाकतो. दहा हजार माणसं म्हणजे १००० किलोवॅटची शेगडी, वर दिव्यांची वेगळी. हे मुकादमाला सांगितलं की तो ‘गेराइ, गेराइ’ म्हणजे ‘ठीक आहे, ठीक आहे’ म्हणायचा आणि कॉफी प्यायला जायचा.

त्या रात्री आइस डान्स होता, म्हणजे जोडीने बर्फावर नाचायचं. त्यात मोठ्या उड्या नसतात, त्यामुळे खड्डे कमी. पण सरावात कुणाच्या तरी बुटाच्या पुढच्या दातांनी कडेच्या फळीपासून दोन हातांवर एक खड्डा पाडला होता, अंगठा मावेल एवढा. बर्फ सपाट करणारं मशीन फिरून गेलं तरी राहिलाच. मग बर्फाचा कीस आणि थंड पाणी यांचा लगदा भरायचा, थापून सपाट करायचा, वरून आग विझवायच्या कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरचा फवारा मारायचा. (आईला फोनवर हे सांगितलं तर म्हणाली, ‘काहीतरीच तुझं.’) घाईत माझ्या लगद्यात पाणी जास्त पडलं. असा भराव वरून टणक दिसतो, आत भुसभुशीत राहतो. उकरून पुन्हा भरायला वेळ नव्हता, शेवटचा गट बर्फावर उतरत होता. मी मुकादमाला काही बोललो नाही. आजवर कुणालाच बोललो नव्हतो.

त्या गटात लिथुआनियाची जोडी होती, अ‍ॅलिसन रीड आणि साउलियस अम्ब्रुलेविचियस. साउलियस इथलाच, कौनासचा. बास्केटबॉलशिवाय दुसरं काही न कळणारं हे गाव ‘लिएतुवा! लिएतुवा!’ म्हणजे ‘लिथुआनिया! लिथुआनिया!’ करत उभं राहिलं. मी नाच पाहिलाच नाही. चार मिनिटं मी फक्त ती अंगठ्याएवढी जागा पाहत होतो.

ब्राँझ मिळालं. युरोपियन स्पर्धेत लिथुआनियाला २००६ नंतरचं पहिलं पदक. मुकादमाचे डोळे भरून आले, तेव्हा कुठे मला त्याच्याबद्दल जरा बरं वाटलं. २००६ चं पदक कुणाचं, म्हणून विचारलं तर त्याचा चेहराच बदलला. मार्गारिता द्रोब्याझ्को आणि पोविलस वानागस. पाच ऑलिंपिक खेळलेली जोडी, २००० साली नीसला जागतिक ब्राँझ. मार्गारिता मूळची मॉस्कोची. या देशाने तिला खास बाब म्हणून नागरिकत्व दिलं होतं. युक्रेनवरच्या हल्ल्यानंतरही ती रशियात शो करत राहिली, म्हणून २०२३ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी ते काढून घेतलं.

आणि अ‍ॅलिसन? मिशिगनमध्ये जन्मलेली, आई जपानी. २०१७ पासून लिथुआनियासाठी खेळत होती, पण त्या रात्री झेंडा वर चढला तेव्हाही ती इथली नागरिक नव्हती. युरोपियन आणि जागतिक स्पर्धांना जोडीतला एक जण देशाचा असला की भागतं, ऑलिंपिकला दोघंही लागतात. म्हणून २०२२ ला बीजिंगची, या दोघांनी कमावलेली जागा दुसऱ्या लिथुआनियन जोडीला गेली. तिला नागरिकत्व मिळालं, पण या पदकानंतर. मुकादम म्हणाला, कायदा म्हणजे कायदा. माझ्या खिशात मुदतीचं निवास कार्ड. माझी आणि तिची काय बरोबरी, तरी मला त्याचं बोलणं लागलं.

हॉल रिकामा झाल्यावर मी गुडघे टेकून भराव पाहिला. पात्याची एक रेघ त्याच्यावरून आरपार गेली होती, दोन धारांची, कुठेही न तुटता. कुणाची, ते सांगता येणार नाही. त्या गटातल्या सगळ्याच जोड्या तिथून गेल्या होत्या. बोटाने दाबलं. कडेला जरासं खचलं.

मागून हॉर्न वाजला. मशीन आलं होतं, मी बाजूला झालो.