छाटणी उरकून आलेले नाना आणि वर्दे व्हॅलीतले तीन दिवस

"एप्रिलची छाटणी उरकू दे, मग बघू." "आमच्याकडे अमेरिकेला कधी येता?" या माझ्या प्रश्नाला चार वर्षं माझ्या वडिलांचं, नानांचं, हे एकच उत्तर होतं. निफाड तालुक्यात आमची साडेतीन एकर द्राक्षबाग. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, त्यानंतर विरळणी, फवारण्या, थंडी वाढली की रात्रभर शेकोट्या आणि शेवटी व्यापाऱ्याची वाट. ज्याच्या घरी बाग आहे त्याला हे वेगळं सांगायला नको. गेल्या वर्षी धाकट्या भावानं "बाग मी बघतो, तुम्ही जाऊन या" म्हणून तिकिटंच काढली, आणि मे महिन्यात नाना आणि आई फिनिक्सच्या विमानतळावर उतरले.

आम्ही राहतो ऍरिझोना राज्यात चँडलरला, फिनिक्सला लागूनच. हे खरंखुरं वाळवंट आहे. २०२३ च्या उन्हाळ्यात इथं सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांच्या वर होता. तिसऱ्याच दिवशी नाना खिडकीशी उभे राहून म्हणाले, "इथं झाड जगतं हेच नवल." मी म्हटलं, "नाना, दोन तासांवर द्राक्षं पिकतात." त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की त्याच रात्री मी बुकिंग करून टाकलं.

इथून उत्तरेला वर्दे व्हॅली आहे. वर्दे म्हणजे स्पॅनिशमध्ये हिरवं. अमेरिकेत द्राक्षपट्ट्यांना सरकारी मान्यता मिळते, साधारण आपल्या भौगोलिक मानांकनासारखी. ऍरिझोनात ती सोनोइटाला १९८४ मध्ये, विलकॉक्सला २०१६ मध्ये आणि वर्दे व्हॅलीला २०२१ मध्ये मिळाली. राज्यातली बहुतेक द्राक्षं दक्षिणेकडच्या विलकॉक्सलाच होतात, पण नदी, डोंगर, जुनी गावं आणि बागा हे सगळं एकत्र बघायचं तर वर्देच.

आता अडचण. नाना माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, दारूच्या थेंबाला कधी शिवले नाहीत. आईचंही तेच. अशा दोघांना वाइन चाखायच्या सहलीला न्यायचं कसं, असं नवऱ्यानंही विचारलं. माझा विचार सरळ होता. नानांनी आयुष्यभर द्राक्ष पिकवलं, पण ते खायचं द्राक्ष. ज्या द्राक्षाची वाइन होते त्याची बाग त्यांनी आतून कधी पाहिली नव्हती. ग्लास मी घेईन, बाग त्यांनी बघावी.

हे ठरलं की बाकीची आखणी सोपी झाली. अशा सहलीला जाणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हेच की दिवसाला दोनच ठिकाणं धरा. लोक एका दिवसात पाच-सहा टेस्टिंग रूम, म्हणजे वाइन चाखायची ठिकाणं, करतात. तिसऱ्या ठिकाणापासून जिभेला काही कळत नाही आणि चौथ्यापासून माणसालाही कळत नाही. पहिलं ठिकाण सकाळी अकराच्या सुमारास, पोटात काहीतरी घालून. मग जेवण, झाडाखाली तासभर आडवं होणं, आणि दुसरं ठिकाण चारनंतर. जिथं बाग आहे तिथंच शक्यतो जावं, आणि जाण्याआधी फोन करून "बागेतून फिरवाल का?" एवढं विचारावं. एका टेस्टिंगमध्ये चार-पाच वाइन घोट-दोन घोट मिळतात, खर्च माणशी साधारण १५ ते २५ डॉलर. न पिणाऱ्याला कुणी आग्रह करत नाही. आई-नानांपुढे पाण्याचे ग्लास आणि ऑलिव्हची वाटी आपसूक आली.

गाडी कोण चालवणार हे मात्र निघण्याआधी ठरवा. ऍरिझोनाचा कायदा कडक आहे. रक्तातलं प्रमाण मर्यादेच्या आत असलं, तरी चालवण्यावर किंचितही परिणाम दिसला तर गुन्हा दाखल होऊ शकतो, आणि पहिल्याच वेळी तुरुंगवासाची तरतूद आहे. आमच्याकडे नवरा पीत नाही, त्यामुळे प्रश्न नव्हता. ज्यांच्याकडे असा माणूस नाही त्यांनी कॉटनवुडच्या जुन्या गावात मुक्काम करावा. तिथल्या मेन स्ट्रीटवर एका रांगेत टेस्टिंग रूम आहेत, पायी जावं, पायी यावं.

महिना कोणता? मार्च ते मे, नाहीतर ऑक्टोबर-नोव्हेंबर. जून कडक जातो. जुलै ते सप्टेंबर पाऊस. हो, इथंही त्याला मॉन्सूनच म्हणतात, १५ जून ते ३० सप्टेंबर असा अधिकृत मोसम आहे. दुपारी अचानक काळे ढग, विजा, धुळीची भिंत आणि तासाभरात सगळं मोकळं. वर्षभरात पडतो जेमतेम ३०० मिलिमीटर. नानांना हे सांगितलं तर म्हणाले, "मग डाऊनीचा त्रास कमी असेल." डाऊनी म्हणजे दमट हवेत द्राक्षावर येणारा बुरशीचा रोग. शेतकरी पाऊस ऐकतो तो रोगाच्या हिशेबानं.

शुक्रवारी सकाळी निघालो. फिनिक्स सोडलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सग्वारो निवडुंग दिसतात, दोन-तीन पुरुष उंच, हात वर केलेल्या माणसांसारखे. ब्लॅक कॅनियन सिटीनंतर मोठी चढण लागते, आणि ती संपता संपता सग्वारो अगदी दिसेनासे होतात. उंची वाढली, थंडी वाढली, म्हणून. पुढं कॅम्प वर्देकडे उतरताना खाली दरी उघडते. पिवळ्या-पांढऱ्या टेकड्या आणि त्यांच्या मधून नदीकाठच्या कॉटनवुड झाडांची हिरवी रेघ. आई म्हणाली, "गोदाकाठ वाटतो गं." फिनिक्स समुद्रसपाटीपासून साडेतीनशे मीटरवरही नाही, कॉटनवुड गाव हजार मीटरवर आहे. मे महिन्यात तिथं दुपारी ३० अंशांच्या आसपास आणि पहाटे १०-१२. दिवसा-रात्रीतला हा फरक हेच या द्राक्षांचं मर्म. दिवसा साखर भरते, रात्रीच्या गारव्यात आंबटपणा टिकतो.

पहिली बाग ओक क्रीकच्या काठची, कॉर्नव्हिल गावाच्या बाहेर. पेज स्प्रिंग्ज रस्त्यावर दोन-तीन वाइनरी जवळजवळ आहेत. नाना आधी खालीच बसले. चिमूटभर माती उचलली, बोटांत चुरली. "चुनखडी आहे. पानं पिवळी नाही पडत?" मी भाषांतर केलं. बाग दाखवणारा मुलगा चकित झाला. म्हणाला, इथं फार पूर्वी सरोवर होतं, त्याच्या तळाचा हा चुना. मग पुढचा तासभर मी फक्त दुभाषी होते. खुंट (ज्या मुळांवर वेलीचं कलम करतात तो) कोणता, ओळींमधलं अंतर किती, ठिबक किती तास. नानांनी डॉग्रीज खुंटाचं नाव घेतलं आणि त्या मुलाला ते माहीत होतं! दोघांचेही चेहरे एकदम खुलले.

वेली फुलोऱ्यात होत्या. ज्यांनी पाहिला नसेल त्यांना सांगते, द्राक्षाचा फुलोरा हिरवट, बारीक, मोहरीच्या दाण्यांएवढा असतो, फूल म्हणावं असं त्यात काही दिसत नाही. पण नाक जवळ नेलं तर फार हलका गोड वास येतो. नाना एकेका काडीवरचे घड मोजत चालले होते. "एकरी किती?" उत्तर आलं, दोन-तीन टन. आमच्याकडे आठ-दहा टन निघाले नाहीत तर औषधांचा खर्च सुटत नाही. नानांना वाटलं मी चुकीचं सांगतेय. मुलानं समजावलं, घड कमी ठेवले की प्रत्येक मण्यात रस दाट उतरतो. मणी लहान, साल जाड, आत बी. खायला निरुपयोगी, वाइनला सोनं.

आणि मग छाटणीची गोष्ट निघाली. इथं वर्षाला एकच छाटणी, थंडीच्या शेवटी. नोव्हेंबरात पानं गळतात आणि वेल झोपते ती थेट एप्रिलपर्यंत. आपल्याकडे तेवढी थंडीच नाही, त्यामुळे वेल कधी झोपत नाही. आपण वर्षातून दोनदा छाटतो, फळछाटणीनंतर काडीवरच्या डोळ्यांना पेस्ट लावून ते फोडतो आणि वेलीला पुन्हा कामाला लावतो. नाना एका जुन्या खोडावर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. "चार-पाच महिने नुसती झोपते?" त्यांनी दोनदा विचारलं.

त्यांना आवडलेली दुसरी गोष्ट म्हणजे पंखा. बागेच्या मधोमध उंच खांबावर विमानासारखा पंखा बसवलेला असतो. एप्रिल-मेमध्ये कोवळी फूट आलेली असताना एखाद्या रात्री दहिवर गोठतं आणि वर्षाचं पीक जातं. अशा रात्री थंड हवा जमिनीलगत साचते, उबदार हवा तिच्या वर राहते. पंखा ती वरची हवा खाली ओढतो. निफाडला पारा चार-पाचवर आला की आम्ही बांधावर शेकोट्या पेटवतो, मणी तडकू नयेत म्हणून. नानांनी त्या पंख्याचे अकरा फोटो काढले आणि तिथल्या तिथं भावाला पाठवले.

वाइनबद्दलही लिहायला हवं. मला सगळ्यांत आवडली माल्व्हाजिया बियांका, पांढरी. ग्लास आईच्या नाकाशी धरला तर ती म्हणाली, "अगं, मोगरा!" अगदी बरोबर. लाल वाइनमध्ये सिरा. आपल्याकडे दिंडोरीला शिराझ म्हणून लावतात, ती हीच जात. पण इथली जास्त तिखट लागली, काळ्या मिरीसारखी, आणि घशात कोरडी उतरणारी. घाईत प्यायले असते तर हा फरक कळला नसता. एक घोट, मग थोडं पाणी, मग परत तोच घोट. ग्लासातली वाइन दहा मिनिटांनी वेगळी लागते, तेवढा वेळ तिला द्यावा.

शनिवारी क्लार्कडेलला गेलो. तिथं यावापाई कॉलेजचं वाइन केंद्र आहे. विद्यार्थी स्वतः बाग लावतात, वाइन करतात, बाटलीवर लेबल लावतात आणि तिथंच विकतात. नानांना पुण्याजवळच्या मांजरी गावचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आठवलं. तिथं ते शिबिरांना जात असतात. "पण विकायला कुठं शिकवतात आपल्याकडं," म्हणाले. पोरांनी शेतमालावर प्रक्रिया करून आपल्या हातानं विकावा हे त्यांचं जुनं दुखणं. त्या दुपारी त्यांनी एका विद्यार्थिनीची बाटली विकत घेतली, प्यायची नव्हतीच, पण घेतली. ती अजून माझ्या कपाटात आहे.

क्लार्कडेलजवळच टुझिगूट आहे. टेकडीवर दगडी घरांचे अवशेष, ११० खोल्या, इसवी सन १००० ते १४०० च्या दरम्यान बांधलेल्या. तिथं राहणाऱ्या लोकांना सिनाग्वा म्हणतात. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ पाण्याविना. प्रत्यक्षात त्यांनी याच दरीत पाट काढून मका, घेवडा आणि कापूस पिकवला. नदीवरून काढलेले एकोणिसाव्या शतकातले पाट तर अजून वाहतात. नानांचा प्रश्न ठरलेला, "पाण्याची पाळी किती दिवसांनी?" वर्दे नदीचं पाणी पुढं धरणांतून फिनिक्सकडे येतं. म्हणजे माझ्या घरच्या नळात या दरीचा वाटा आहे, हे मलाही तेव्हाच नीट कळलं.

जेरोमला धावती भेट झाली. डोंगराच्या कुशीत दीड हजार मीटरवरचं तांब्याच्या खाणीचं गाव. १९२० च्या दशकात तिथं पंधरा हजार माणसं होती, १९५३ मध्ये खाण बंद पडली, आता चार-पाचशे उरलीत. टूल या रॉक बँडचा गायक मेनार्ड जेम्स कीनन यानं या परिसरात बागा लावल्यावर तरुण मंडळी इकडे वळली. रस्ते चढाचे आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनी विचार करावा. ज्यांना चालणं झेपत नाही त्यांच्यासाठी क्लार्कडेलहून नदीच्या घळीतून जाणारी रेल्वे आहे, चार तासांची. आम्ही ती पुढच्या खेपेला ठेवली.

रविवारी मुद्दाम काहीच ठरवलं नव्हतं. आखणीत मी सगळ्यात जपलेला दिवस तो. सकाळी डेड हॉर्स रँच नावाच्या उद्यानात नदीकाठी आईच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली, आणि दुपारी परत ओक क्रीकवर, त्याच पहिल्या बागेत. झऱ्याच्या काठाला लाकडी माची आहे, वर मोठमोठ्या झाडांची सावली, खाली पाण्याचा आवाज. मी एक ग्लास घेतला, आई आणि नवरा गप्पा मारत बसले. नाना बाकावर टेकले आणि पाच मिनिटांत झोपले. टोपी छातीवर, हात त्या टोपीवर.

नानांना दुपारी झोपलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. रात्री पूर्ण झोपलेलंही क्वचितच. शेतीची लाईट आठवड्यातले निम्मे दिवस रात्रीची असते, दोन-अडीचला उठून मोटर चालू करायची, व्हॉल्व्ह बदलायचे, हे माझ्या जन्माच्या आधीपासून चाललंय. इथं आणि घरी साडेबारा तासांचा फरक. ऍरिझोनात घड्याळं पुढं-मागं करत नाहीत, त्यामुळे वर्षभर तेवढाच. मी मोबाइलवर पाहिलं, दोन वाजले होते. निफाडला रात्रीचे अडीच.

तेवढ्यात नाना दचकून उठले. झाडांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"लाईट आली का गं?"

"भाऊ बघतोय नाना. झोपा तुम्ही."

त्यांनी टोपी सारखी केली आणि परत डोळे मिटले.