डावा समास

कवितेच्या पानावर मजकूर कमी, म्हणून जुळणीही सोपी, असं कवींनाही वाटतं आणि त्याच हिशेबाने ते दर पाडून मागतात. गद्य एकदा चौकटीत सोडलं की पानामागून पान आपलं आपण भरत जातं. कवितेत प्रत्येक ओळीपाशी थांबावं लागतं. ओळ मुद्दाम तोडलीय की जागा संपली म्हणून तुटली? दोन कडव्यांमधली मोकळी जागा कवीची आहे, की टंकताना एंटर दोनदा दाबलं गेलंय? पाचशे रुपयांसाठी घासाघीस करणारी हीच मंडळी प्रकाशनाला शाली आणि मोमेंटो मात्र डझनाने आणतात. असो. नागपूरच्या महाल भागात, बडकस चौकाजवळ माझं डीटीपीचं दुकान आहे. ते चालतं लग्नपत्रिका, स्मरणिका आणि प्रबंधांवर. कवितासंग्रह घेते ते हौसेने. गेल्या मे महिन्यात अशाच एका संग्रहाचं जे झालं ते अजून डोक्यातून जात नाही.

त्या संग्रहाच्या कवयित्री, ताई, मूळच्या इथल्याच धंतोलीच्या. लग्नानंतर नॉर्वेला गेल्या, ऑस्लोत एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत नोकरी करून निवृत्त झाल्या. लिहितात मराठीत. आधीचे दोन लहान संग्रह माझ्याकडेच जुळले होते, पहिला ध्रुवीय सफरींचा आणि दुसरा चित्रांचा. आता संगीतावरचा तिसरा लिहून तिन्ही एका पुस्तकात आणायचे होते. नागपुरात काम दुसरंही होतं. आईवडिलांच्या घराची विक्री करायची होती, रजिस्ट्रीची तारीख मिळाली होती. त्यामुळे प्रकाशनही त्याच आठवड्यात उरकायचं ठरलं.

तिन्ही संग्रहांना धरून ठेवणारा माणूस एकच, नॉर्वेचा ध्रुवसंशोधक फ्रित्योफ नान्सेन. या माणसाने 1893 साली ‘फ्राम’ नावाचं जहाज सायबेरियाच्या वरच्या अंगाला नेऊन बर्फात मुद्दाम अडकवून घेतलं. इतरांची जहाजं बर्फ चिरडून टाकायचा. याच्या जहाजाचं बूड गोल केलेलं होतं, बर्फाने दाबलं की ते वर उचललं जाईल असं. बर्फ स्वतःच हळूहळू पश्चिमेकडे वाहत असतो, तोच आपल्याला ध्रुवाजवळून पलीकडे नेऊन सोडेल, हा त्याचा हिशेब. त्याच 1893 साली नॉर्वेच्याच चित्रकार एडवर्ड मुंकने ‘द स्क्रीम’ ही किंकाळी रंगवली. पुढे नान्सेन राष्ट्रसंघाचा निर्वासितांसाठीचा उच्चायुक्त झाला, आणि ज्यांना कुठलाच देश उरला नव्हता अशांसाठी 1922 मध्ये त्याच्या नावाचं प्रवासपत्र निघालं. चित्रकार शगालकडे ते होतं, संगीतकार स्ट्राविन्स्कीकडेही होतं. ताईंचं पुस्तक जहाजावरून चित्रांकडे आणि चित्रांवरून संगीताकडे येतं ते या एका कागदावरून.

तिसऱ्या भागाने माझा घाम काढला. नॉर्वेत हार्डांगर फिडल नावाचं एक लोकवाद्य आहे, व्हायोलिनसारखं. वर चार तारा आणि त्यांच्याखाली आणखी चार-पाच, ज्यांना गज लागतच नाही. वरच्या वाजल्या की त्या आपसूक घुमतात, आपल्या सारंगीच्या तरफांसारख्या. ताईंना प्रत्येक ओळीखाली बारीक टाइपात दुसरी ओळ हवी होती, ती तरफ. आठ पॉइंटात. पडद्यावर सुरेख दिसतं. पण देवनागरी आठ पॉइंटात मॅपलिथो कागदावर छापलं की शाई पसरते, अनुस्वार शिरोरेषेला चिकटतो आणि रफार बुजून जातो. नऊ पॉइंट केलं, टाइप बदलून हलक्या वजनाचा घेतला, दोन ओळींतलं अंतर पॉइंट-पॉइंटने वाढवत नेलं, तेव्हा कुठे ‘गर्द’ आणि ‘गद’ वेगळे वाचता यायला लागले. हे कुणाच्या लक्षात येणार नाही. येऊ नये म्हणूनच तर करायचं.

खरी मजा पहिल्या भागात होती. ‘फ्राम’वर बारा पानांची एक दीर्घ कविता आहे. ताईंनी जहाजाचा मार्ग नकाशावरून आलेख-कागदावर उतरवून आणला आणि म्हणाल्या, “प्रत्येक ओळ जहाज जिथे होतं तिथून सुरू व्हायला हवी.” नकाशावर पश्चिम डावीकडे, म्हणून कविता पानाच्या उजव्या अंगाला सुरू होते आणि बारा पानांत डावीकडे वाहत येते. तेही सरळ नाही. अडकल्यावर पहिले दोनेक महिने बर्फाने जहाजाला उलटंच, आग्नेयेला नेलं होतं. म्हणून पहिल्या पानांवर ओळी डावीकडे येण्याऐवजी आणखी उजवीकडे सरकतात. मी आलेख स्कॅन करून फिकट करून पानाखाली ठेवला. प्रत्येक ओळ वेगळा परिच्छेद, प्रत्येकीला वेगळा इंडेंट, म्हणजे समासापासूनचं अंतर. दोन ओळींत फरक पडतो तो मिलिमीटरच्या काही भागाचा. एका पानावर डोळ्यांना काही कळत नाही, पान उलटलं की मात्र काहीतरी हललंय असं वाटत राहतं. 14 मार्च 1895 ला नान्सेन आणि त्याचा सोबती योहान्सेन जहाज सोडून कुत्र्यांच्या गाड्यांनिशी ध्रुवाकडे निघाले. तिथून पुढे कडव्यांमधल्या मोकळ्या जागेत दोन-दोन शब्दांच्या ओळी एकट्याच चालायला लागतात, जहाजापासून दूर. आणि शेवटच्या पानावर जहाज सुटतं, तरी ओळी डाव्या समासाला टेकत नाहीत. सेंटिमीटरभर आधीच थांबतात.

ही कविता पान 33 ते 44 वर, म्हणजे तिसऱ्या फॉर्मात. सोळा पानांचा फॉर्म, आठ पानं एका बाजूला, आठ दुसऱ्या, म्हणून छपाईच्या दोन प्लेटा.

मे महिन्यात आमच्याकडे छपाई पहाटे उरकतात. दुपारी कागद इतका कोरडा पडतो की कडा वळतात, आणि कूलर लावला तर त्याच कडा ओल धरून लाटांसारख्या उठतात. त्यामुळे मी ताईंना घेऊन घाट रोडवरच्या प्रेसमध्ये पोचले तोवर तिसऱ्या फॉर्माचे पाचशे ताव दोन्हीकडून छापून ठेवलेले होते. प्रकाशन दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. ताईंनी वरचा ताव उचलला. तावावर निम्मी पानं उलटी असतात, त्यांनी तो गोल फिरवत फिरवत वाचला आणि म्हणाल्या, “अगं, हे तर सगळे पोचले!”

बाराच्या बारा पानांच्या सगळ्या ओळी डाव्या समासाला चिकटून उभ्या. पायी निघालेल्यांच्या ओळीही जहाजाच्या ओळींत मिसळलेल्या. आणि राग याचा आला की तरीही ती कविता वाचता येत होती. कुणी म्हटलंही नसतं काही चुकलंय म्हणून.

प्लेटा गांधीबागेतल्या एका दुकानात निघाल्या होत्या. पीडीएफ आली की तशीच लावायची असते. पण आपल्याकडचे प्लेटवाले ती आधी कोरल-ड्रॉ या सॉफ्टवेअरमध्ये उघडतात, कारण पत्रिका आणि हँडबिलं करून करून हात तिथेच बसलेला असतो. मात्रा तुटू नयेत म्हणून मजकूर कर्व्ह करून घ्यायचा, म्हणजे अक्षरांची चित्रं करायची. तसं केलं की प्रत्येक ओळ सुटी वस्तू होते. मग सगळ्या निवडून कीबोर्डवर एल दाबलं की साऱ्या डावीकडे एका रेषेत. तितक्या दिवसांची माझी मेहनत, आणि एक बटण.

दुकानातला पोरगा पंचविशीचा असेल. नाकारलं काहीच नाही त्याने. मला म्हणाला, “ताई, फाइल हललेली दिसून राहिली होती जी. ओळीच्या ओळी सटकल्या होत्या. तुमचं काम असं वाकडं राहत नाही, म्हणून मीच सरळ करून देलं.” यावर काय बोलणार? या धंद्यात फाइल न बघता प्लेट काढणारे ढिगाने आहेत. हा बघणारा निघाला, नेमका इथेच. एक फोन करून विचारायचं मात्र त्याला सुचलं नाही, आणि ते आजकाल कुणालाच सुचत नाही.

त्याने दोन्ही प्लेटा फुकटात काढून द्यायचं कबूल केलं, तावांचे पैसे प्रेस आणि तो आपसांत बघणार होते. यंत्र सुरू असताना ताई शेजारच्या स्टुलावर बसल्या आणि मोबाइलवर नकाशा काढून त्याला जहाज कुठून कुठे गेलं ते सांगायला लागल्या. तो कामातलं काम सोडून ऐकत होता. दोन्ही प्लेटा बाहेर आल्या. त्याने बाहेरच्या बाजूची प्लेट उजेडात धरली, चव्वेचाळीसावं पान शोधलं आणि म्हणाला, “मॅडम, जहाज तर सुटलं ना शेवटी? मग ह्या ओळी काठाला काहून नाही लागल्या?”

ताई त्या प्लेटकडे बराच वेळ बघत राहिल्या.

मी मध्ये पडले. 13 ऑगस्ट 1896 ला ‘फ्राम’ बर्फातून मोकळं झालं, आणि अगदी त्याच दिवशी नान्सेन दुसऱ्याच एका जहाजाने नॉर्वेच्या वारदो बंदरात उतरला. दोघांनाही एकमेकांचा पत्ता नव्हता. म्हणून त्या दिवशी कुणीच पुरतं पोचलेलं नाही, तो सेंटिमीटर हवाच, असं माझं म्हणणं. हे मला ताईंच्याच टिपणांतून कळलं होतं. शिवाय प्लेट निघाल्यावर लेखकाची दुरुस्ती घ्यायची नाही हा माझा नियम आहे, भले लेखक कितीही मोठा असो.

“तू म्हणतेस ते खरं आहे,” ताई म्हणाल्या, “पण हा म्हणतोय तसं करू या. शेवटच्या पाच ओळी लाव काठाला.”

केल्या. तिथल्याच कॉम्प्युटरवर, माझ्या हाताने, इंडेंट शून्य. बाहेरची प्लेट पुन्हा काढली. दुसऱ्या पहाटे फॉर्म छापला, बाइंडरने दुपारपर्यंत पन्नास प्रती हातात दिल्या, बाकीच्या मागाहून. कार्यक्रम झाला. एका वक्त्याने आमच्या तरफेच्या ओळींना “तळटीपा” म्हटलं. पुस्तक न उघडता बोलायला आल्याची ती पावती.

मला अजून पटलेलं नाही. त्या पाच ओळींनी कविता बंद होते, आधी ती उघडी राहायची. ताईंनी ते का केलं तेही नीट कळत नाही. धंतोलीच्या घरावर सही करून आल्या होत्या त्या आदल्याच दिवशी. घर सुटलं म्हणून काठाला लागल्या, की कुठेतरी एकदाचं लागायचंच होतं म्हणून? आणि तो काठ त्यांच्या लेखी धंतोली की ऑस्लो? मी एकदा मेलमध्ये आडून विचारलं. उत्तरात त्यांनी पान 71 वरची वेलांटीची चूक कळवली. चूक खरी आहे.

प्लेटवाल्या पोराला एक प्रत दिली. त्याने ती दुकानात ठेवलीय आणि गिऱ्हाइकांना चव्वेचाळीसावं पान उघडून दाखवतो म्हणे. मात्र महिन्याच्या बिलात त्याने एका प्लेटचे पैसे लावून पाठवले. मी विचारलं, फुकट काढून देणार होतास ना? तर म्हणाला, “दोन फुकट देल्या जी. तिसरी तर मॅडमनं बदलली.” मी म्हटलं, तुझ्याच सांगण्यावरून बदलली. “मग बरोबर सांगितलं का नाही?” त्यावरून आमचं अजून सुरू आहे, आणि बिलातली ती रक्कम मी अडवून ठेवली आहे.