लिनाते २००१ सीनरी: आर-५, आर-६ आणि धुकं

मंडळी, फ्लाइट सिम्युलेटरसाठी मी बनवत असलेली मिलानच्या लिनाते विमानतळाची सीनरी (संगणकावरचा देखावा) आता उडवून बघण्याइतपत झाली आहे. ८ ऑक्टोबर २००१ ची सकाळ उभी करायची आहे. स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सचं एमडी-८७ धावपट्टी ३६आर वरून उड्डाण घेत असताना एक छोटं सेसना सायटेशन आडवं आलं. ११८ माणसं गेली, त्यातली चार जमिनीवरची.

इमारती अजून ठोकळेच आहेत, त्या राहू देत. सगळा जीव पश्चिमेकडच्या एप्रनमध्ये, म्हणजे विमानं उभी करण्याच्या जागेत आहे. तिथून धावपट्टीकडे जायचे दोन टॅक्सीमार्ग निघतात: आर-५ उत्तरेकडून धावपट्टीला वळसा घालतो, आर-६ सरळ तिच्यात घुसतो. सेसनाला आर-५ सांगितला होता. वैमानिकाने ‘आर-५’ बरोबर परत म्हटलं, ‘उत्तरेकडून’ मात्र गळलं. जमिनीवरच्या खुणा झिजलेल्या होत्या, म्हणून पिवळा रंग मुद्दाम उडवून टाकला आहे. शंभर मीटरचं धुकं लावून कॉकपिटमधून पाहिलं तर फाट्यावर आर-६ कडेच हात जातो.

खरा घोळ एस-४ चा. आर-६ वर रंगवलेली ही खूण नियंत्रकांच्या नकाशात नव्हतीच. वैमानिकाने ‘एस-४ जवळ आलोय’ असं सांगितलं, म्हणजे चूक त्याच्याच तोंडून बाहेर आली होती! पण ऐकणाऱ्याला ती कळणार कशी? जमिनीवरचं रडार बंद होतं, नवं बसलेलं नव्हतं. त्यामुळे टॉवरच्या बाजूने खेळताना विमानांचे ठिपके दाखवणारा नकाशा मी काढून टाकला आहे. नुसता आवाज. चाचणीला बसलेला मित्र दोन मिनिटांत वैतागला.

धावपट्टीआधीची लाल दिव्यांची रांग पेटलेली ठेवली आहे. सेसना ती ओलांडून गेलं. टॉवरमधून ती चालू-बंद करता येत नसे. माझ्या मते कायम पेटलेल्या लाल दिव्याचा धाक उरत नाही. आर-६ वरचे, धावपट्टीतली घुसखोरी ओळखणारे सेन्सर तर आधीच बंद करून ठेवलेले. नियंत्रकाला पुढे शिक्षा झाली, हे मला अजूनही पटत नाही. अर्थात सेसनाच्या वैमानिकांची त्या धुक्यात उडण्याची पात्रताही नव्हती.

आता रेडिओवरची गर्दी भरायची आहे. त्या फ्रिक्वेन्सीवर इंग्रजीबरोबर इटालियनही चालू होतं आणि सेसनाचे वैमानिक जर्मन. इटालियन नीट बोलणारं कुणी ओळखीत असेल तर कळवा, पंधरा-वीस वाक्यं रेकॉर्ड करून हवी आहेत.